नानामामाची गोळी

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मनाच्या आजारावरच्या गोळ्या म्हणजे नुसती गुंगीची सवय, त्या सोडा आणि प्राणायाम करा, असं एक गृहस्थ ठासून सांगत होते. खाली आमच्याच दहा-बारा नातेवाइकांनी हात जोडले होते. त्या ग्रुपमध्ये माझा नानामामाही आहे, आणि तो एकवीस वर्षं लिथियम घेतोय, मनाच्या आजारावरचंच औषध. इथे मेलबर्नमध्ये रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी तशीच उठून बार्शीला फोन लावला आणि मामीला आधी हेच विचारलं, "आजची गोळी घेतली ना त्याने?"

मी नववीत असताना मामाने उधारीवर चाळीस साड्या आणल्या आणि गल्लीत दारोदार वाटल्या. पाच रात्री तो झोपला नव्हता. बोलणं थांबत नव्हतं, डोळे चकाकत होते. सहाव्या दिवशी आजोबांनी आणि शेजारच्या दोघांनी धरून त्याला जीपमध्ये घातलं, तेव्हा आजी तुळशीपाशी बसून राहिली होती. पुढे सोलापूरच्या डॉक्टरांनी बायपोलर हा शब्द सांगितला, म्हणजे कधी असा उन्माद तर कधी खोल नैराश्य. घरात मात्र आजही "नानाला तेव्हा झालं होतं तसं" एवढंच म्हणतात.

मी फार्मासिस्ट आहे. मामाला जी गोळी लागू पडली तिचा शोध जिथे लागला, ती बंडूरा नावाची वस्ती माझ्या दुकानापासून पंधरा मिनिटांवर आहे. तिथे युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी मनोरुग्णालय होतं. त्यातल्या एका जुन्या बंगल्यात आता चित्रांची प्रदर्शनं भरतात. जॉन केड हा तिथला डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत, चांगीच्या छावणीत होता. परत आल्यावर वापरात नसलेल्या कोठीच्या खोलीत त्याने आपली प्रयोगशाळा मांडली. उन्मादाच्या रुग्णांच्या शरीरात काही विषारी द्रव्य साठत असावं, या समजुतीने तो त्यांची लघवी गिनीपिगना टोचत होता. त्यातलं युरिक ॲसिड पाण्यात विरघळवायला त्याने लिथियमचा क्षार घेतला, तर प्राणी शांत झाले. मूळ समजूत चुकीची होती, आणि ते प्राणी बहुधा लिथियमच्या विषबाधेनेच मलूल झाले होते असं आज अभ्यासक मानतात. पण केड पुढे गेला. लिथियम आधी त्याने स्वतः घेऊन पाहिलं, मग मार्च १९४८मध्ये एका रुग्णाला दिलं.

हा रुग्ण एक्कावन्न वर्षांचा होता आणि पाच वर्षं सतत उन्मादात होता. काही आठवड्यांत तो शांत झाला, जुलैत घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. केडच्या १९४९च्या प्रसिद्ध लेखात त्याच्यासह उन्मादाचे दहा रुग्ण आहेत. व्याख्यानांमधून सहसा ही गोष्ट इथवरच सांगतात. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बरं वाटतंय म्हणून त्या माणसाने गोळ्या घेण्यात हयगय केली, मग बंदच केल्या, आणि सहा-सात महिन्यांत तो पुन्हा रुग्णालयात आला. लिथियम पुन्हा सुरू झालं, पण रक्तात ते किती साठतंय हे मोजण्याची सोय त्या वॉर्डात नव्हती. १९५०मध्ये तो लिथियमच्याच विषबाधेने गेला.

गोळी सोडल्यावर काय होतं आणि गोळीकडे लक्ष न देता ती चालू ठेवली तर काय होतं, ही दोन्ही उत्तरं या एका माणसाने स्वतःच्या शरीरावर दिली. अमेरिकेतही १९४९मध्ये मिठाऐवजी लिथियमचा क्षार खाऊन माणसं दगावली होती आणि तिथे हे औषध १९७०पर्यंत उन्मादासाठी मंजूर झालं नाही. हे औषध वाचवलं ते मोजणाऱ्यांनी. मेलबर्नच्याच विद्यापीठात ट्राउटनर या संशोधकाने रक्तातली पातळी मोजून औषध देण्याची वाट घालून दिली. डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्काउ या मनोविकारतज्ज्ञांनी १९५४मध्ये काटेकोर चाचणी घेतली. त्यांच्या सख्ख्या भावाला नैराश्याचे झटके यायचे, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या घरातलाच होता.

आपल्याकडचा वाद मात्र अजून गोळी घ्यावी की न घ्यावी यावरच अडलेला आहे. एका बाजूला तो व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला "मोकळेपणाने बोला" सांगणारी चांगली मंडळी. बोलण्याने पुष्कळांचं भलं होतं. पण पाच रात्री न झोपलेल्या नानामामाला बोलायला सांगून काही झालं नसतं, तो बोलतच होता.

ज्यांना गोळ्यांची भीती वाटते त्यांना मी वेड्यात काढणार नाही. दोन मिनिटांत रुग्ण तपासून पाच औषधं लिहिणारे डॉक्टर आहेत. लिथियमने हात थरथरतात, तहान लागते, वजन वाढतं, वर्षानुवर्षं घेतल्यावर थायरॉइड आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. हे सगळं खरं आहे, म्हणून तर मोजायचं. आणि ज्या गोष्टी आपल्या घराघरात घडतात त्या कोणी समजावून सांगत नाही. निर्जळी उपवास केला, मीठ एकदम तोडलं, उन्हात घाम गाळत वारीला चालला, जुलाब झाले, की रक्तातलं लिथियम चढू शकतं. गुडघेदुखीवर दुकानातून न विचारता आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळीनेही चढतं. रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचं असतं. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं की आकडा फसवा येतो. नानामामाने चार वर्षं असंच रक्त दिलं, कारण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

इथे मेलबर्नमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही. २०२१मध्ये आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्याच रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, इथली मानसिक आरोग्यव्यवस्था कोलमडल्याचं लिहून दिलं. खासगी मनोविकारतज्ज्ञासाठी थांबावं लागतं, फी परवडत नाही. इथल्या मराठी घरांतही लपवाछपवी तीच. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या एक ताई गोळ्या घ्यायला मुद्दाम तीन उपनगरं ओलांडून माझ्याकडे येतात, घराजवळच्या दुकानात ओळखीचं कोणी भेटेल म्हणून. पण त्यांची तपासणी राहून गेली तर जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यातून फोन येतो, आणि डबी देताना मीही तारीख विचारते. एवढ्याने माणूस सांभाळला जातो, हे मी रोज पाहते.

आपला २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मी वाचला, आणि मला त्याचा अभिमान वाटला. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात नेहमी मोफत मिळाली पाहिजेत, असं त्यात लिहिलं आहे. लिथियम त्या यादीत आहे. मग त्याच दवाखान्यात रक्तातलं लिथियमही मोजून मिळालं पाहिजे, आणि रुग्ण आला नाही तर त्याला फोन करणारी एखादी परिचारिका हवी. मामाचं रक्त बार्शीत काढतात, तपासायला पुण्याला जातं, रिपोर्ट यायला चार दिवस लागतात, आणि पैसे खिशातून जातात. लिथियम म्हटलं की आपल्या बातम्यांत बॅटऱ्या येतात, २०२३मध्ये जम्मूत रियासीला साठा सापडला तेव्हा किती चर्चा झाली. तेवढी चर्चा मला या तपासणीबद्दल व्हायला हवी आहे.

त्या रात्री मामाने स्वतःच फोन घेतला. "गोळी घेतली गं," म्हणाला. व्हिडिओ त्यानेही पाहिला होता, तो विचारत होता, "खरंच सोडता येईल का?" मी त्याला बंडूराच्या त्या माणसाची पूर्ण गोष्ट सांगितली, शेवटासकट. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तपासणीची तारीख आठ दिवसांवर आलीये. त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची ना?"