खुलासा: व्हॅन गॉग आनंदासाठी पिवळा रंग खात नव्हता

‘मनात आनंद उतरावा म्हणून व्हॅन गॉग पिवळा रंग खायचा’ असा मजकूर सूर्यफुलांच्या चित्रासह फिरतोय. तो चुकीचा आहे. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात, आजाराच्या तीव्र झटक्यात त्याने रंग गिळला होता, हे खरं. पण तिथले डॉक्टर पेरॉन यांनी त्याची नोंद विष घेण्याचा प्रयत्न अशी केली आहे. त्या नोंदीत पिवळ्याचा उल्लेख नाही, आनंदाचा तर नाहीच. शिवाय त्या काळच्या क्रोम यलो या पिवळ्या रंगात विषारी शिसं असायचं. एका आजारी माणसाच्या जिवावर बेतलेल्या प्रसंगाचा असा गोड सुविचार करणं मला क्रूर वाटतं.

त्याला सावरत होतं ते रोजचं काम. जुलैतल्या झटक्यानंतर रंगकाम बंद झालं, तेव्हा ऑगस्टमध्ये त्याने भाऊ थिओला लिहिलं, की बरं व्हायला मला चित्रं काढणं गरजेचं आहे, हे तू डॉक्टरांना कळव. परवानगी मिळताच खिडकीतून दिसणारं गव्हाचं शेत आणि त्यातला कापणी करणारा माणूस तो पुन्हा रंगवू लागला. तिथल्या वर्षभरात सुमारे १५० चित्रं झाली, बहुतेक दोन झटक्यांमधल्या बऱ्या दिवसांत.