आधी वर्गातलं हसणं थांबवा

शाळेतल्या चिडवण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय, चिडवणाऱ्या मुलांना समज द्या. बरोबरच आहे, पण चिडवणं सुरू कुठून होतं? माझा भाचा सांगलीत सहावीत आहे, त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचायला-लिहायला जड जातं. बाई त्याला उभं करून धडा वाचायला लावायच्या. तो अडखळला की वर्ग हसायचा, मधल्या सुट्टीत त्याचीच नक्कल. पोरगं भरलेला डबा तसाच घरी आणायचं, फार वाईट वाटायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण, येते. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम मानसिक छळाला बंदी घालतं. दोन्हींच्या प्रती घेऊन आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो. आता त्याला उतारा आदल्या दिवशी सांगतात, बसूनच वाचतो. नक्कल करणारा एक जण अजून आहे, त्याच्या आईशी रविवारी बोलणार आहे.