घड्याळ आधी उतरवून ठेवा

लेखक व्हायचं ठरवलंत? उत्तम. मग शब्दावर पैसे देणाऱ्या एखाद्या कंटेंट साइटवर आजच नाव नोंदवा. मासिकांच्या नादी लागू नका, तिथे संपादक नावाचा माणूस असतो आणि तो लेख वाचतो. इथे तसला त्रास नाही. नाव, ईमेल आणि एक नमुना लेख एवढं दिलं की झालात लेखक. नमुन्याचे पैसे मिळत नाहीत, हे ओघानं आलंच. पुढे उत्तर आलं नाही आणि दोन महिन्यांनी तोच नमुना त्याच साइटवर भलत्याच नावानं झळकला, तर मन मोठं ठेवा. लेख चांगला होता, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आता तयारी. ज्या खोलीत लिहायला बसणार तिथलं भिंतीवरचं घड्याळ उतरवा. मोबाइल उपडा घाला. स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ लपवता येते, तीही लपवा. साइट शब्द मोजते, तुम्हीही शब्दच मोजा. दराच्या रकान्यात शून्य, मग टिंब, मग पुन्हा शून्य दिसलं तर दचकू नका, त्यापुढे कुठेतरी एक आकडा असतोच. त्याला पाचशेनं गुणा, बरं वाटेल. आलेल्या उत्तराला तासांनी भागायला मात्र जाऊ नका. शाळेत तुमचा भागाकार कच्चा राहिला असेल, तर तुम्ही या कामासाठीच जन्माला आला आहात.

माझ्याकडून एकदा घड्याळ उतरवायचं राहिलं, म्हणून सांगतो. विषय होता वॉशिंग मशीनचा फिल्टर. शब्द पाचशे. शिवाय वाचकसंख्येवर ‘हिस्सा’. मला मशीनमधलं काही कळत नव्हतं, आणि साइटची तशी अपेक्षाही नव्हती. मी आधीचे सहा लेख वाचले. सहाही एकमेकांवरून उतरवलेले होते, कारण सहाही ठिकाणी एकाच वाक्यात एकच चूक होती. यात सव्वा तास गेला. टायपिंगला लागली चाळीस मिनिटं. मग खरं साहित्य सुरू झालं.

अट अशी होती की ‘वॉशिंग मशीन फिल्टर साफ कसे घरी’ हा कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द, जसाच्या तसा सात वेळा आला पाहिजे. हे पाच-सहा शब्द कुठल्याही विभक्तीला दाद देत नाहीत. एकदा त्यांच्याआधी ‘अनेकांना प्रश्न पडतो’ लावलं, एकदा मधे स्वल्पविराम टाकून पाहिला, एकदा हात टेकून नुसतं प्रश्नचिन्ह ठोकलं. लेख परत आला. शेरा: ‘कीवर्ड सहा वेळा आहे. टोन मैत्रीपूर्ण पण अधिकारवाणीचा हवा.’ मी शेवटी एक ओळ जोडली, ‘तर मित्रांनो, वॉशिंग मशीन फिल्टर साफ कसे घरी, हे आता तुम्हाला नक्कीच समजलं असेल.’ लेख तत्काळ मंजूर. नवा शेरा: ‘फ्लो छान.’

मंजूर म्हणजे पुढच्या टेबलावर मंजूर. तिथे नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर बसलं होतं. त्यानं ‘आधी प्लग काढा’ हे वाक्य लाल केलं, कारण ते इतर शेकडो ठिकाणी आढळलं होतं. प्लग काढायला सांगण्याची दुसरी तऱ्हा मलाही सुचेना. अखेर लिहिलं, ‘मशीनचं विद्युतपुरवठ्याशी असलेलं नातं तात्पुरतं संपुष्टात आणा.’ लाल गेलं, हिरवं आलं. त्यानंतर फुकट वापरता येईल असा फोटो शोधणं, सर्च इंजिनसाठी दोन ओळींचं वर्णन, फोटो दिसला नाही तर वाचायचा पर्यायी मजकूर. पूर्ण चार तास. त्यांतल्या चाळीस मिनिटांनाच काय तो मोबदला होता, बाकी घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. बघा, घड्याळ भिंतीवर राहिलं की माणूस असा कोता होतो.

धंदा जुना आहे, तेव्हा लाज बाळगू नका. पोटासाठी मिळेल ते खरडणाऱ्यांसाठी लंडनमधली ग्रब स्ट्रीट इतकी प्रसिद्ध होती की सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या आपल्या शब्दकोशात तिची नोंद घेतली. १८३०मध्ये तिचं नाव बदलून मिल्टन स्ट्रीट केलं. पाटी बदलली, दर बदलले असं काही ऐकिवात नाही.

आपल्या काळातला वैभवाचा नमुना हवा तर डिमांड मीडिया ही अमेरिकन कंपनी घ्या. लोक काय शोधतात आणि त्या शोधाशेजारी जाहिरात कितीला जाते, याचा हिशेब संगणक करायचा आणि त्यातून मथळे पाडायचा. माणसानं फक्त खालचा मजकूर भरायचा, लेखामागे साधारण १५ डॉलर. जानेवारी २०११मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली आणि तिचं बाजारमूल्य थेट न्यूयॉर्क टाइम्स कंपनीच्या वर गेलं. बातमीदार पाठवायचा, वकील ठेवायचा, चुकलं तर खुलासा छापायचा, एवढा उपद्व्याप करणाऱ्यांपेक्षा ‘दार करकरतं, काय करावं’ हा मजकूर महाग ठरला. पुढच्याच महिन्यात गूगलनं शोधाचे नियम बदलले. पांडा या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या बदलाचा परिणाम अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर झाला, आणि सुमार मजकुराची शेती करणाऱ्यांची तंतरली. रात्रीतून नियम बदलले की साइटचे वाचक जातात आणि हिस्सा घेणाऱ्याच्या हिश्शाला शून्याचा हिस्सा येतो. कराराच्या कुठल्याशा कलमात हे लिहिलेलं असतं. वाचत बसू नका, त्याचेही पैसे नाहीत.

‘निदान लेख तर कायमचा राहतो ना इंटरनेटवर?’ असं कुणी विचारेल. राहतो की! असोसिएटेड कंटेंट ही साइट याहूनं २०१०मध्ये विकत घेतली, किंमत १० कोटी डॉलरच्या आसपास असल्याचं तेव्हा छापून आलं. नंतर तिचं बारसं याहू व्हॉइसेस असं झालं आणि २०१४मध्ये तिला कुलूप लागलं. हेलियम ही दुसरी साइटही त्याच वर्षी आटोपली. तेव्हा तुमचा लेख कायम राहतो, फक्त तो जिथे राहतो ते घर राहत नाही.

ओळख होते, हा मुद्दा मी विसरलो नाही. ओळख होतेच. फक्त तुमचं नाव बहुधा ‘संपादकीय विभाग’ असतं.

आणि खरं सांगायचं तर शिकायलाही मिळतं. वेळेत देणं, फापटपसारा आवरणं आणि गरज पडल्यास तोच फापटपसारा मोजून पाचशे शब्दांपर्यंत ओढणं, हे मला तिथेच जमलं. पहिले दोन महिने फायद्याचे होते, हे कबूल. पुढचं दीड वर्ष का राहिलो, याचं उत्तर मी स्वतःलाही मैत्रीपूर्ण पण अधिकारवाणीच्या टोनमध्ये देऊ शकलेलो नाही.

हल्ली तर कामात विविधता आली आहे. चॅटजीपीटी २०२२च्या नोव्हेंबरात आलं, तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी मजकूर यंत्र लिहितं आणि तुम्ही त्यात माणूस मिसळायचा. दर अर्थातच कमी, तुम्ही ‘लिहीत’ कुठे आहात? याउलट तुम्ही स्वतः लिहिलेला लेख तपासनीस सॉफ्टवेअरनं यंत्राचा ठरवला, तर वाद घालू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचंच असलं तपासनीस साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये मागे घेतलं, हे साइटवाल्यांना ऐकवू नका. दोन ऱ्हस्व-दीर्घ चुकवा, एक वाक्य अर्धवट सोडा. माणूस असल्याचा दाखला इतका स्वस्त मिळत असताना उगाच तत्त्वाचा प्रश्न कशाला?

पैसे? हो, तेही सांगतो. ते खात्यात दिसतात. हातात येण्यासाठी एक किमान रक्कम जमावी लागते, आणि तुम्ही तिच्या दोन लेख अलीकडे पोचलात की कामं मिळणं थांबतं. यात कुणाचा हात नसतो, योगायोगच असतो. मी तीन वेळा अनुभवला.

मागच्या आठवड्यात माझंच मशीन अडलं. पाणी आत तुंबलेलं, दार उघडेना. मी शोध घेतला आणि पहिल्याच जागी माझा लेख आला. प्रकाशक: संपादकीय विभाग. अधाशासारखा वाचला. सातही वेळा फिल्टरचा उल्लेख होता, पण तो मशीनला नेमका कुठे असतो हे कुठेही नव्हतं. अंदाजानं खालचं एक झाकण फिरवलं. पायाशी बादलीभर पाणी. पुसून झाल्यावर सवयीनं साइटवरचं खातं उघडून पाहिलं, तर लेखाची वाचकसंख्या एकनं वाढली होती.