निब सोन्याची आहे हो!

जुनी फाउंटन पेनं दुरुस्त करतो, हे नाशिकमध्ये कुणाला सांगू नये. लग्नाच्या पंगतीत डॉक्टरानं आपण डॉक्टर असल्याचं सांगू नये, त्यातलाच प्रकार. ज्याला सांगावं त्याच्या घरी गोदरेजच्या कपाटात आजोबांचं पेन असतंच. ते पार्करच असतं, निब सोन्याचीच असते आणि कुठल्यातरी गोऱ्या साहेबानं आजोबांवर खूश होऊन ते दिलेलं असतं. हा हिशेब धरला तर इंग्रज इथून गेले ते पेनं वाटून वाटून दिवाळं निघालं म्हणूनच.

टोपण काढलं की आत बहुतेक वेळा शांघायचा हिरो, म्हणजे चिनी पेन, निघतो. यात आजोबांचा काही दोष नाही. पार्कर ५१ बाजारात आलं १९४१ मध्ये. १९३९ साली, कंपनीच्या ५१व्या वर्षात ते तयार झालं, म्हणून नाव ५१. निब जवळजवळ सगळी झाकलेली, टोक तेवढं बाहेर. पुढे हिरोनं तोच घाट उचलला आणि क्लिपवर पार्करसारखा बाणही ठेवला. आपल्या मध्यमवर्गाला पार्कर परवडत नव्हतं, हिरो परवडत होता. पण हे सांगायचं कुणी? 'हिरो आहे' म्हटलं की समोरचा पेन परत घेतो आणि 'बघू, पुण्यात कुणाला तरी दाखवतो' म्हणतो. नाशिककराचा अपमान करायला एवढं एक वाक्य पुरतं.

खरी खरेदी होते ती गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीवरच्या, बुधवारच्या बाजारात. भाजीच्या गर्दीतून वाट काढत जुन्या सामानाच्या पथारीपर्यंत जायचं. तिथे कुलपं, घड्याळांचे पट्टे, चष्म्याच्या काड्या आणि त्यात पडलेलं एखादं टोपण. आता पेन कशाचं आहे हे ओळखायची खात्रीची पद्धत म्हणजे अंगठ्यानं खसाखसा घासायचं आणि हुंगायचं. गंधकाचा वास आला तर एबोनाइट, कारण ते रबर गंधकाबरोबर तापवूनच कडक करतात. कापराचा आला तर सेल्युलॉइड, त्यात कापूर असतोच. शास्त्र बरोबर आहे, पण रामकुंडाच्या अलीकडे उकिडवं बसून डोळे मिटून भंगार हुंगणाऱ्या प्रौढ गृहस्थाकडे लोक कोणत्या नजरेनं बघतात ते मी अनुभवलंय. एका बाईंनी तर मुलाला पदराआड घेतलं होतं. पथारीवाला मात्र खूश. गिऱ्हाइकानं पेन हुंगलं की तो किंमत दुप्पट सांगतो.

घरी आणल्यावर पुढचे हाल. जुन्या तरफेच्या पेनात, म्हणजे अंगावरची दांडी उचलून शाई भरायच्या पेनात, रबराची पिशवी असते. ती वाळून कडक होते आणि चिमटीत धरली की भुगा होतो. नवी पिशवी चिकटवायला लागते लाख. फेव्हिकॉल, फेव्हिक्विक काही चालत नाही, कारण पुढच्या दुरुस्तीला जोड पुन्हा सुटायला हवा आणि लाख थोड्या उबेनं सुटते. म्हणून मी मेन रोडच्या बाजूला पॉलिशचं सामान विकणाऱ्याकडे गेलो.

"लाख द्या. थोडीच."

"दार आहे का कपाट?"

"पेन."

त्यानं मला लाख फुकट दिली. अशा माणसाकडून पैसे काय घ्यायचे, असा त्याचा चेहरा होता.

ऊब द्यायला हेअर ड्रायर. मेणबत्ती, लायटर यांचं नावही काढायचं नाही, सेल्युलॉइड भुरकन पेटतं. ड्रायर अर्थातच बायकोचा. "अहो, तुमच्या डोक्यावर चार केस नाहीत, आणि ड्रायर सारखा तुमच्याकडे कसा?" हा प्रश्न आमच्याकडे पाहुण्यांसमोरच विचारला जातो.

तर अशात एक काका आले. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. आयुष्य नोटा आणि स्टॅम्पांच्या सहवासात गेल्यामुळे कुठल्याही वस्तूकडे आधी संशयानं बघायची सवय. रुमालाच्या घडीतून त्यांनी पेन काढलं, आणि काय सांगू, खरंखुरं ५१! आतल्या पत्र्याच्या नळीवर शाई कशी भरायची तेही कोरलेलं. १९४८ नंतरचा हा प्रकार. याची पिशवी रबराची नसते, त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही बहुधा शाबूत असते.

"निब सोन्याची आहे हो!" काका.

"आहे. १४ कॅरेट."

"म्हणजे चोवीस नाही?"

"नाही. ५८.५ टक्के सोनं. बाकी इतर धातू."

"म्हणजे भेसळ!"

मी समजावलं, की शुद्ध सोनं फार मऊ, निब वाकेल. आणि कागदाला टेकतो तो टोकावरचा बारीक मणी तर सोन्याचा नसतोच. इरिडियम, ऑस्मियम असल्या कठीण धातूंचा असतो, नाहीतर घासून जाईल.

"थोडक्यात, जे लिहितं ते सोनं नाही आणि जे सोनं आहे ते लिहीत नाही," काकांनी फाइल बंद करावी तसा निकाल दिला. शंका फिटेना म्हणून सराफ बाजारात कसोटीच्या दगडावर घासून आणतो म्हणाले. ते घासणं टाळण्यासाठी मी जे बोललो तेवढं लग्न ठरवतानाही बोललो नव्हतो.

पेन पाण्यात ठेवलं. निळ्याकाळ्या शाईचे धागे निघाले, निघतच राहिले. पाणी बदलावं, पुन्हा निळं. दाबून दाबून पिचकारी मारावी, पुन्हा निळं. शेवटी पाणी स्वच्छ झालं तरी निबेतून शाई उतरेना. भिंग लावून पाहिलं तर चिरेत काहीतरी लालपिवळं घट्ट बसलेलं. ही कुठल्या कंपनीची शाई, यावर मी फार डोकं खाजवलं. पितळेच्या पातळ पत्रीनं ते कणाकणानं काढलं. पुन्हा शाई भरली आणि कागदावर सवयीनं 'श्री' लिहिलं. त्यापुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून सही केली. माझ्याकडच्या सगळ्या दुर्मिळ पेनांनी आजवर एवढंच साहित्य लिहिलं आहे.

काका आले. वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनीही 'श्री' काढला, सही केली, सही संशयानं तपासली आणि मंजूर केली. मी म्हटलं, "काका, रोज थोडं तरी लिहा. नाहीतर शाई वाळते. ठेवून द्यायचं असेल तर धुऊन ठेवा."

"छे हो, वापरात असतं की!" काका पेन रुमालात गुंडाळत म्हणाले. "दर दसऱ्याला काढतो. पाटावर ठेवतो, निबेवर चांगलं हळदकुंकू वाहतो. आमच्याकडे हयगय नाही!"