गटातलाच कुणीतरी

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच भांडण. टँकरच्या बिलांत घोळ आहे, असं निनावी पत्र कुणीतरी नोटीस बोर्डावर लावलं. तळमजल्यावरचे काका कडाडले, "हिंमत असेल तर नाव लिहा. नाहीतर बाहेरच्याचं काम समजू." खाली अंगठ्यांची रांग.

इकडे म्युनिकमध्ये माझं पोट डिजिटल सह्यांवरच चालतं, त्यामुळे मी जरा जास्तच चिडलो. नाव न सांगता 'मी आतलाच' हे सिद्ध करता येतं, हे डेव्हिड चॉम आणि यूजीन व्हॅन हाइस्ट या संशोधकांनी 1991 मध्येच मांडलंय. ग्रुप सिग्नेचर म्हणतात त्याला. प्रत्येक सभासदाची गुप्त किल्ली (सही करायचा लांबलचक आकडा) वेगळी, पडताळणीची जाहीर किल्ली सगळ्यांची मिळून एक. सही गटातल्याच कुणाची तरी आहे एवढंच कळतं. वाद पेटलाच तर व्यवस्थापक नाव उघडू शकतो. (काका लगेच म्हणतील, व्यवस्थापक मी! म्हणून मला 2001 ची रिव्हेस्ट, शमीर आणि टाउमन यांची रिंग सिग्नेचर जास्त आवडते. तिच्यात नाव उघडणारा कुणी नसतोच.) मजकूरच झाकायचा तर चॉमचीच ब्लाइंड सिग्नेचर आहे: कार्बन घातलेल्या बंद पाकिटावर सही करावी, ती आतल्या कागदावर उमटावी आणि सही करणाऱ्याला आतलं अक्षरही दिसू नये, तसं काहीसं.

इथलं माझं कार्ड 'अठरा पूर्ण आहेत का?' याला नुसतं 'हो' म्हणतं, जन्मतारीख देत नाही. आपल्याकडे लॉजवाल्यालासुद्धा आधारची झेरॉक्स लागते. (इथे दारावरच्या बेलशेजारी माझं आडनाव रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येतं, ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

बाकी सगळं लिहिलं. काकांचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "बाळा, तू आता इथला कुठे?"

मेंटेनन्स दर तिमाहीला मीच भरतो. पण गट सोडून गेलेल्याची किल्ली रद्द कशी करायची, बाकीच्यांच्या किल्ल्या न बदलता, यावर आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं डोकेफोड चाललीय. काकांनी ते एका ओळीत केलं.

टँकरच्या पावत्या माझ्याकडे आहेत, आईनेच फोटो काढून पाठवलेल्या. पत्र खरं आहे. तसं टाइप केलं, वर माझं नाव दिसणार हे लक्षात आलं आणि खोडलं. आईला रोज काकांबरोबर त्याच लिफ्टने जायचं असतं.