1940 चा ‘थीफ ऑफ बगदाद’ हा रिमेक नव्हे

जुन्या चित्रपटांची चर्चा निघाली की एक मत हमखास पुढे येतं, आणि न तपासता पुढे पाठवलं जातं. ते थोडक्यात असं: 1940 चा ‘द थीफ ऑफ बगदाद’ म्हणजे डग्लस फेअरबँक्सच्या 1924 च्या मूकपटाची रंगीत आवृत्ती. गोष्ट अरेबियन नाइट्समधून जशीच्या तशी उचललेली. सहा जणांनी दिग्दर्शन केल्यामुळे सगळा ठिगळांचा कारभार. ट्रिकसीन आता बघवत नाहीत, आणि चोराचं काम करणारा भारतीय नट साबू तर शोभेपुरता घेतलेला ‘पूर्वेकडचा पोरगा’. या चित्रपटावर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून यातला एकेक मुद्दा घेतो.

रिमेकचा आरोप आधी. नाव एक आहे, उडता गालिचा आणि उडता घोडा दोन्हीकडे आहेत, पण साम्य साधारण तिथेच संपतं. 1924 मध्ये चोर हाच नायक. तो राजकन्येच्या प्रेमात पडतो, खडतर प्रवास करून तिला मिळवतो आणि शेवटी तिच्यासह गालिच्यावरून उडून जातो. 1940 च्या पटकथेने या एका माणसाचे दोन केले: गादी गमावलेला तरुण राजा अहमद आणि त्याला तुरुंगात भेटलेला चोर अबू. प्रेमकथा राजाच्या वाट्याला गेली, साहस चोराच्या. खलनायकही बदलला. मूकपटात तो मंगोल राजपुत्र आहे, इथे जाफर नावाचा जादूगार वजीर. तो शापाने अहमदला आंधळा करतो आणि अबूला कुत्रा. राजकन्या जाफरच्या मिठीत येईपर्यंत हा शाप सुटत नाही. पहिल्या अर्ध्या भागाचा सगळा पेच या एका अटीवर उभा आहे, आणि मूकपटात त्याचा मागमूस नाही.

‘गोष्ट जशीच्या तशी’ हा दावा तर उलटाच आहे. राजकन्येसाठी दुर्मिळ वस्तू आणायला निघालेले राजपुत्र, त्यांचा गालिचा, दूरचं दाखवणारी वस्तू, आजार बरा करणारं सफरचंद हे सगळं राजपुत्र अहमद आणि परीबानूच्या कथेतलं, आणि ते 1924 च्या चित्रपटात जास्त आहे. ही कथा आणि उडत्या घोड्याची कथा आंत्वान गालाँ या फ्रेंच अनुवादकाने 1709 साली पॅरिसमध्ये हन्ना दियाब या अलेप्पोच्या कथेकऱ्याकडून ऐकली. त्यातला तो प्रसिद्ध गालिचा विकत घेतला जातो बिसनगरात, म्हणजे आपल्या विजयनगरात! 1940 च्या चित्रपटाने गालिचा घेतला, घोडा घेतला, कोळ्याच्या गोष्टीतला बाटलीत कोंडलेला जिन हा राक्षस घेतला. पण हे सगळं ओवणारा धागा लायोश बिरो आणि माइल्स मॅलेसन या पटकथाकारांचा आहे. चावीच्या खेळण्यांपायी मुलगी देऊन टाकणारा बसऱ्याचा सुलतान मॅलेसनने स्वतःच साकारला आहे.

जाफरचं तर पाहाच. गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी अनुवादावरून मराठीत आणलेले अरेबियन नाइट्सचे सोळा खंड ज्यांनी वाचले आहेत, त्यांना जाफर ठाऊक आहे तो खलिफा हारून अल रशीदबरोबर वेष पालटून रात्री बगदादमध्ये हिंडणारा भला वजीर म्हणून. इतिहासातल्या जाफर बर्मकीला तर याच हारूनने 803 साली ठार मारलं. डोळ्यांनी भुरळ घालणारा दुष्ट जाफर घडवला तो या चित्रपटाने आणि ती भूमिका करणाऱ्या कॉनराड फाइटने. 1992 च्या डिस्नेच्या ‘अलादीन’मधला जाफर, खेळण्यांत रमणारा सुलतान आणि अबू हे नाव सगळं इथूनच गेलेलं आहे.

सहा दिग्दर्शकांची गोष्ट खरी आहे. श्रेयनामावलीत लुडविग बर्गर, मायकल पॉवेल आणि टिम व्हेलन ही तीन नावं आहेत. निर्माता अलेक्झांडर कोर्डा, त्याचा भाऊ झोल्टन आणि विल्यम कॅमेरॉन मेन्झिस यांनीही काम केलं. पण त्यामागे सप्टेंबर 1939 मध्ये सुरू झालेलं महायुद्ध होतं. लंडनजवळच्या डेनहॅम स्टुडिओतलं काम अडलं, पॉवेलला युद्धाच्या प्रचारपटाकडे वळवलं गेलं, आणि उरलेलं चित्रण अमेरिकेत पार पडलं. तरीही चित्रपट विस्कटत नाही, कारण व्हिन्सेंट कोर्डाचे निळे-गुलाबी महाल, जॉर्ज पेरिनालचा कॅमेरा आणि मिक्लोश रोझाचं संगीत त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधून ठेवतात.

ट्रिकसीनबद्दल एवढंच म्हणतो की आज जिला आपण ब्लू स्क्रीन म्हणतो, तिचा मोठ्या प्रमाणावरचा पहिला वापर लॅरी बटलरने इथे केला. टेक्निकलर या तेव्हाच्या रंगीत चित्रणपद्धतीच्या कॅमेऱ्यात तीन रंग तीन वेगळ्या फिल्मवर उतरत. निळ्या पडद्यापुढे नट उभा करायचा आणि निळ्या रंगाच्या फिल्मच्या आधारे त्याची आकृती पार्श्वभूमीपासून सोडवायची. आकृतीच्या कडेला निळसर रेघ दिसते, हे कबूल. पण किनाऱ्यावर रेक्स इंग्रमचा जिन धुरातून उभा राहतो आणि त्याच्या पावलाशी अबू मुंगीएवढा दिसतो, तो प्रसंग मला आजही थरारून टाकतो. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट्स अशी तीन ऑस्कर या चित्रपटाला मिळाली.

आता साबू. इथे आरोपात थोडं तथ्य आहे. राजा आणि राजकन्या गोरे नट-नटी, बसऱ्याच्या दरबारात अनेक हातांची यांत्रिक नर्तकी. अरबस्तान, इराण, भारत सगळं एकाच भांड्यात ढवळलेलं. ते मला खटकतं. पण म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा हा मुलगा शोभेपुरता? श्रेयनामावलीत त्याचं नाव फाइटच्या लगेच खाली, राजकन्येच्या वर आहे. जिनला थापा मारून परत बाटलीत कोंबतो तो अबू. मिळालेल्या तीन इच्छांतली पहिली तो सॉसेजवर खर्च करतो, कारण त्याला भूक लागलेली असते. सर्वदर्शी रत्न तोच आणतो, गालिचा तोच पळवतो, आणि त्याच्याच बाणाने जाफर मरतो. अहमद त्या वेळी पकडला गेलेला असतो, त्याचं मुंडकं उडायच्या बेतात असतं. नंतर भर दरबारात तो जाहीर करतो की अबूला शाळेत घालून पुढे वजीर करणार. ते ऐकताच अबू चोरलेला गालिचा उलगडतो आणि सगळ्यांच्या डोक्यावरून निघून जातो. मूकपटातल्या चोराला राजकन्या मिळून तो राजघराण्यातला होतो. साबूचा चोर शेवटच्या क्षणापर्यंत चोरच राहतो, तेही स्वतःच्या मर्जीने.