‘कडा मॉडेल करू नका’ या सल्ल्याला उत्तर

रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) शिकणाऱ्या मुलांना आणि लहान ऑफिसांत नव्याने रुजू झालेल्या आर्किटेक्टना एक सल्ला हमखास मिळतो. फॉरवर्ड होत होत तो आता नियमासारखा झालाय: स्लॅबच्या आणि छपराच्या कडा थ्रीडीत करत बसू नका. फ्लोअर नि रूफ काढलं की कड आपोआप मिळते, बारकावे टू-डी डिटेलमध्ये दाखवता येतात, उरलेलं साइटवर मिस्त्री बघतो, आणि एवढं सगळं मॉडेल केलं तर फाइल जड होते.

मी पाहिलेली गळती बहुतेक वेळा कडेलाच सुरू झालेली होती. म्हणून हे चारही मुद्दे एकेक करून तपासतो.

पहिला मुद्दा, कड आपोआप मिळते. मिळते, पण चुकीची मिळते. गच्चीसाठी आरसीसी, कोबा (उतार देणारा थर) आणि वर चायना मोझॅक (चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी) असे थर असलेला एकच फ्लोअर टाइप आपण काढतो. स्केचची रेष जिथे संपते तिथे सॉफ्टवेअर सगळे थर एकाच उभ्या प्रतलात कापतं. प्रत्यक्षात आरसीसी पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) खालून बाहेरच्या तोंडापर्यंत जातं, कोबा मात्र पॅरापेटच्या आतल्या तोंडाशी थांबतो आणि तिथे वाटा (गोलाई) होऊन भिंतीवर चढतो. बाहेरून 12 मीटर बाय 8 मीटरची गच्ची आणि चहूबाजूंनी 150 मिमीचं पॅरापेट धरा. कोब्याचं खरं क्षेत्रफळ साधारण 90 चौरस मीटर, मॉडेल सांगतं 96. हे सहा चौरस मीटर बिलात कोणाच्या तरी अंगावर येतात.

क्षेत्रफळापेक्षा मोठी चूक उंचीत होते. पाणी वाहायला 1:100 उतार दिला, तर 8 मीटरच्या अंतरात 80 मिमी चढ येतो. पावसाळी पाइपच्या तोंडाशी कोबा 75 मिमी धरला, तर समोरच्या टोकाला तो 155 मिमी होतो. पॅरापेट आपण स्लॅबच्या माथ्यापासून 1 मीटर काढलेलं असतं. त्या टोकाला उभ्या माणसापुढे उरतात 845 मिमी. राष्ट्रीय इमारत संहिता पॅरापेटची किमान 1 मीटर उंची मोजते ती तयार फरशीपासून. म्हणजे सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) नियमात बसलेली भिंत बांधून झाल्यावर नियमाबाहेर जाते, आणि लहान मुलाच्या दृष्टीने बघितलं तर हा कागदावरचा फरक राहत नाही. जिन्यातून गच्चीवर येणाऱ्या दाराचंही तेच. उंबरा कोब्याच्या वर राहिला नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी जिन्याने खाली उतरतं.

यावर उपाय अवघड नाही. स्ट्रक्चरल स्लॅब वेगळा काढायचा. कोबा वेगळा फ्लोअर म्हणून पॅरापेटच्या आतल्या तोंडापर्यंत काढायचा, त्याच्या थराला ‘व्हेरिएबल’ची खूण करायची आणि पॉइंट्स उचलून उतार द्यायचा. तळ सपाट राहतो, माथा उतरता होतो. मग पॅरापेटची उंची कुठे कमी पडते ते सेक्शनच सांगतो.

दुसरा मुद्दा टू-डी डिटेलचा. हा सगळ्यात पटण्यासारखा वाटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. डिटेल लाइन (टू-डी रेषा) आणि फिल्ड रीजन (भरलेला टू-डी आकार) ज्या व्ह्यूमध्ये काढले त्याच व्ह्यूमध्ये राहतात. ‘कट प्रोफाइल’ने (छेदातली बाह्यरेषा बदलणाऱ्या साधनाने) स्लॅबची कड सेक्शनमध्ये छान वळवली तरी ती तेवढ्या सेक्शनपुरतीच वळते, शेजारच्या सेक्शनला आणि एलिव्हेशनला त्याचा पत्ता नसतो. शिवाय टिपिकल डिटेल आपण नेहमी सरळ धावेच्या मधोमध कापतो. तिथे काहीच बिघडत नाही. बिघडतं कोपऱ्यात.

उदाहरण घ्या. कौलारू बंगल्याचं एक पाखं 30 अंशांचं, शेजारचं 20 अंशांचं. दोन्हीकडे भिंतीचा माथा सारखा, आणि दोन्हीकडे छप्पर 600 मिमी बाहेर. 30 अंशांचं पाखं त्या 600 मिलिमीटरमध्ये 346 मिमी खाली येतं, 20 अंशांचं 218 मिमी. कोपऱ्यात दोन्ही वळचणी भेटतात तेव्हा त्यांच्यात 128 मिमीचा फरक असतो. फॅशिया (वळचणीची उभी पट्टी) जुळत नाही, पन्हळ तुटते. दोन्ही बाजूंचे डिटेल वेगवेगळे तपासले तर दोन्ही बरोबर दिसतात! एका बंगल्याच्या वेळी माझ्याकडून हेच झालं. पत्र्याचा कारागीर पन्हळ हातात धरून कोपऱ्यात उभा राहिला आणि त्याने विचारलं, ‘साहेब, हे कुठे जोडू?’ तेव्हा कळलं. फॅशिया आणि गटर थ्रीडीत काढले असते तर ती फट स्क्रीनवर पहिल्याच दिवशी दिसली असती. रेव्हिटमध्ये रूफच्या स्केचमध्ये ‘अलाइन ईव्ह्ज’ आहे. ते भिंतीवरची उंची तरी बदलतं नाहीतर छपराचं बाहेर येणं तरी. इथे 20 अंशांची बाजू सुमारे 950 मिमी बाहेर न्यावी लागते, किंवा 30 अंशांकडची भिंत 128 मिमी वर. हा निर्णय आर्किटेक्टचा आहे. तो शिडीवर उभ्या असलेल्या माणसावर सोडणं योग्य नाही.

तिसरा मुद्दा, मिस्त्री बघून घेतो. वाटा कसा ओढायचा, हे मिस्त्रीला माझ्यापेक्षा चांगलं कळतं आणि ते मी त्याच्याकडूनच शिकलो. पण छज्ज्याच्या खालची ड्रिपची (पाणी तिथेच खाली गळावं म्हणून ठेवलेली) खाच काँक्रीट ओतण्याआधी शटरिंगमध्ये पट्टी ठोकून करायची असते. ड्रॉइंगमध्ये ती नसेल तर पट्टी लागत नाही. नंतर छिन्नी लावणं म्हणजे वळचणीचं पाणी आढ्याला नेण्यासारखं. सळईवरचं काँक्रीटचं कव्हर फुटतं, सळई उघडी पडते. वाऱ्याचंही तसंच. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना मधल्या भागापेक्षा जास्त ओढ बसते, आणि वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस 875 भाग 3 त्यासाठी वेगळे गुणांक देतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा किती घरांचे पत्रे उडाले, ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. कडेला हुक जवळजवळ हवेत, हे ड्रॉइंगमधूनच साइटवर पोहोचायला हवं.

फाइल जड होते, हा मुद्दा अर्धा खरा. ‘स्लॅब एज’, ‘फॅशिया’ आणि ‘गटर’ ही साधनं एक प्रोफाइल घेऊन कडेवरून फिरवतात. त्यांचा भार किरकोळ असतो आणि लांबी थेट शेड्यूलमध्ये (मोजमापाच्या तक्त्यात) येते. जड होतं ते प्रत्येक कडेला नवी इन-प्लेस फॅमिली (त्या एका जागेपुरता घडवलेला घटक) करण्याने, आयात केलेल्या कॅड फायलींनी, आणि स्क्रूचे आटे मॉडेल करण्याच्या हौसेने. स्लॅबची बाउंड्री हलली की कड सोबत हलते, हा त्याहून मोठा फायदा. फक्त स्केचमधली रेष ओढून हलवा. पुसून नवी काढलीत तर तिच्यावर बसवलेली कड आधार गमावते.

सीलंट, फ्लॅशिंगच्या घड्या, कौलाखालचे खिळे मी आजही टू-डीतच काढतो. पण ते डिटेल आता मॉडेलमधल्या खऱ्या कडेवर काढतो, आणि पहिला सेक्शन कोपऱ्यापासून हातभर अंतरावर कापतो.